रामभाऊ, चौथा कोपरा राहिला

काटकोन हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. रामभाऊ, हे वाक्य मी तुम्हाला चाळीस वर्षांत लग्नांत, बारशांत आणि एकदा तर सासऱ्यांच्या दहाव्यालाही ऐकवलं. प्रत्येक वेळी तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मान डोलावलीत आणि विचारलंत, "पानं मांडली का हो?" शेवटचं ऐकवलं ते आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या पॅसेजमध्ये, याच वर्षी. तेव्हा नलूच्या भुवईला तीन टाके पडलेले होते, आणि ते संस्कृतीच्या पायानेच पाडले होते. त्या दिवशी तुम्ही जेवणाचं विचारलं नाहीत. भिंतीच्या कोपऱ्यावरून तळहात फिरवलात, नलूच्या कपाळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "साडूसाहेब, रविवारी येतो. छिन्नी घेऊन."

तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे होतील. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती एका वाक्यात मावणारी आहे. तिला एवढी पानं लागतायत, यावरून मी किती वर्षं ऑफिसात काढली ते कुणालाही कळेल.

आपण साडू. म्हणजे ज्यांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, पण ज्यांना आयुष्यभर एकाच सतरंजीवर शेजारी बसवतात, अशी दोन माणसं. थोरली शालूताई तुम्हाला दिली, धाकटी नलू मला. सासुरवाडीला माझी ओळख करून देताना आवाज थोडा चढायचा, तुमची करून देताना थोडा उतरायचा. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि तुम्ही गिलावा करणारे गवंडी. मी कागदावर सरळ रेघा मारायचो. तुम्ही भिंती सरळ करायचात, आणि कुणी मागितलं तर गोलही.

आमच्या या फ्लॅटच्या वास्तुशांतीला माझ्या ऑफिसातले लोक आले होते. तुम्ही कडक इस्त्रीचा शर्ट घालून एका बाजूला उभे होतात आणि सवयीनं भिंतीवरून हात फिरवत होतात. बिल्डरच्या गवंड्यानं काय काय लपवलंय ते तुम्हाला हाताला कळत होतं, आणि ते तुम्ही यजमानाला सांगत नव्हतात, हा तुमचा सभ्यपणा. मी म्हणालो, "हे आमचे साडू. कॉन्ट्रॅक्टर आहेत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्या लोकांना नमस्कार करून म्हणालात, "गवंडी आहे. कॉन्ट्रॅक्टर झालेलो ते आत्ता कळलं." सगळे हसले, मीही हसलो. तोपर्यंत तुम्ही मला वसंतराव म्हणायचात. त्या दिवसापासून मी साडूसाहेब झालो. मला वाटलं, मान वाढला. वीसेक वर्षांनी लक्षात आलं की तो मान नव्हता.

गोल कोपऱ्याचं काम तुम्ही कल्याणला शिकलात, तुमच्या मामांच्या हाताखाली. एका डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह बांधत होते आणि बाईंचा हट्ट होता की आत एकही धारदार कोपरा नको. धूळ साठते, आणि वेणा देणारी बाई भिंत धरूनच चालते, असं त्या म्हणायच्या. तुम्ही आणि मामांनी तिथले सगळे कोपरे गोल केलेत. पुढे ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत कुणाला गोल कोपरा हवा असला की तुमचं नाव निघायला लागलं. मग ती फॅशन गेली. लोकांना कपाटं भिंतीला चिकटवून बसवायची होती, आणि गोल कोपऱ्याला कपाट चिकटत नाही. तुम्ही काही दुःख केलं नाहीत. "सरळ तर सरळ," म्हणालात आणि सरळ भिंती करत राहिलात. साच्यांची पिशवी मात्र टाकली नाहीत.

ती पिशवी मी पहिल्यांदा त्या रविवारी पाहिली. पण त्याआधीचं सांगायला हवं, कारण चूक तिथून सुरू झाली.

नलूला काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे तो बरेच दिवस होता, आम्हाला उशिरा कळलं. आता तिला खिडकी कुठे आहे ते दिसतं, खिडकीत कोण उभं आहे ते दिसत नाही. बाहेर ती माझा हात धरून चालायची. घरात मात्र तिनं कधी कुणाचा हात घेतला नाही. डावा हात भिंतीला लावून ती घरभर फिरायची, फोडणी द्यायची, कपडे वाळत घालायची, आणि मी मध्ये आलो की "सरका" म्हणायची. तिच्या आवाजातली ती जरब ऐकली की मला बरं वाटायचं. घर अजून तिचं होतं.

मग एका सकाळी दाराची बेल वाजली आणि ती जरा लगबगीनं निघाली. कोपऱ्यांना मी ऑनलाइन मागवलेल्या रबरी पट्ट्या चिकटवल्या होत्या, पण मे महिन्याच्या उकाड्यात त्या एकेक करून गळून पडल्या होत्या. पुढचं तुम्ही तिच्या कपाळावर पाहिलंतच.

तुम्ही रविवारी आलात तेव्हा मी तयार होतो. निवृत्त ड्राफ्ट्समनला कुणी काम सांगत नाही, त्यामुळे आलेल्या संधीचा मी पुरेपूर फायदा घेतला. पॅसेजचा आराखडा, एकेका खोलीकडे वळणारे चार कोपरे, प्रत्येकाची त्रिज्या, खाली माझी सही. तुम्ही कागद हातात घेतलात.

"उलटा धरलाय तुम्ही," मी म्हणालो.

"कोपरा उलटा धरला तरी कोपराच ना?" तुम्ही कागद तसाच ठेवलात. "हे किती लिवलंय?"

"अडतीस मिलिमीटर."

"म्हणजे वाटी."

"रामभाऊ, वाट्या वेगवेगळ्या असतात."

"आमच्याकडं एकच आहे."

मग तुम्ही ती कापडी पिशवी उपडी केलीत. गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याचे पंधरा-वीस तुकडे, प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात आतून पाव वर्तुळ कापलेलं. मामांनी ती वर्तुळं घरातली भांडी पत्र्यावर ठेवून, कडेनं खिळा फिरवून आखलेली होती. त्यामुळे तुमची मापंही तीच. वाटी, तांब्या, पोह्यांचा डबा, परात. प्रसूतिगृहाला परात वापरलेली, असं तुम्ही म्हणालात, आणि नलू आतून ओरडली, "परात काय भावोजी, तिथं बायका बाळंत व्हायच्या का पुरणपोळ्या करायच्या?"

"दोन्हीला जागा लागते," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "चारी कोपरे सारखे ठेवायचे? मग नलूला कुठला कुठला ते कळणार कसं?"

"ती इतकी वर्षं या घरात राहते."

"डोळ्यांनी राहत होती."

मी म्हणालो की एकसारखेपणा ही एक शिस्त असते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खांदे उडवलेत आणि पिशवीतून वाटी उचललीत. घर माझं, कागद माझा.

रामभाऊ, तुम्हाला काम करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतक्या वर्षांचं नातं, आणि मी तुम्हाला फक्त पंगतीत पाहिलं होतं. कोपऱ्याच्या दोन्ही अंगांचा जुना गिलावा तुम्ही वीतभर फोडलात, विटांची धार छिन्नीनं उडवलीत, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी मारत बसलात. मी विचारलं, किती पाणी? "पितायत तोवर. तहानलेली वीट मालातलं पाणी ओढते, मग माल सुटतो." थोड्या वेळानं तुम्ही स्वतःशीच हसलात. "दिव्याला आमच्या बिल्डिंगीत अंघोळीला पाणी नाय. आणि मी आख्खा जन्म लोकांच्या भिंतींना पाजतोय."

पहिला हात जाड, त्यावर थापीच्या टोकानं ओरखडे, म्हणजे वरच्या थराला धरायला काही मिळतं. दुसऱ्या दिवशी बारीक चाळलेल्या रेतीचा दुसरा हात. दोन्ही भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांच्यावर टेकवलेला साचा खालून वर एका दमात ओढायचा. मध्ये थांबलं की तिथे लाट उठते, आणि ती लाट जन्मभर दिसते. म्हणून साचा ओढताना तुम्ही बोलायचा नाहीत. एरवी तुम्हाला गप्प करणं शालूताईलाही जमलेलं नव्हतं. शेवटी उभ्या चिरलेल्या पाइपाच्या तुकड्यानं घोटून, ओल्या स्पंजानं पुसून तुम्ही डोळे मिटायचात आणि हात फिरवायचात. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले की दुपारी दोन ते चार ठोकाठोक चालणार नाही. "दोन ते चार मी झोपतो," तुम्ही म्हणालात आणि खरोखरच पॅसेजमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पसरून झोपलात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आडवा, घोरतोय, आणि त्याच्या डोक्याशी एक निर्दोष कोपरा सुकतोय. मला तुमचा हेवा वाटला होता. हे बोललो नव्हतो.

चारही कोपरे झाले. अडतीस मिलिमीटर, चारही. मी मोजले.

आठवड्यानं तुम्ही काम बघायला आलात. नलू म्हणाली, चहा मीच करणार. आपण हॉलमध्ये बसलो होतो. कपबश्यांचा आवाज स्वयंपाकघरातून निघाला, पॅसेजमध्ये आला आणि थांबला. मग बाथरूममधून नलूचा स्वच्छ आवाज आला, "घ्या भावोजी. साखर कमी घातलीय हं."

आपण धावलो. ती ट्रे पुढे करून वॉशिंग मशीनसमोर उभी होती.

आधी तीच हसली. मग तुम्ही, मग मी. खूप हसलो आपण. पुढचे अकरा दिवस नलू हॉलमधल्या खुर्चीवरून कुणी हात दिल्याशिवाय उठली नाही. स्वयंपाकाला बाई लावा म्हणाली. मी मध्ये आलो तरी "सरका" म्हणेनाशी झाली.

काय झालं होतं ते मला कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं. दुसऱ्या वेळी आलात तेव्हा कोपऱ्यापाशी उकिडवे बसून म्हणालात, "पहिले कोपरे सारखे नव्हते साडूसाहेब. किचनच्या कोपऱ्याला सिलिंडर आपटून आपटून टवके उडालेले. बाथरूमचा ओलीनं भुसभुशीत झालेला. हॉलच्या कोपऱ्याला कसला तरी खिळा होता. तिला पण म्हायत नसेल, पण ती त्याच्यावरनं चालायची. आपण सगळं गुळगुळीत करून ठेवलं." मग उठलात. "फोडतो. एकेक वेगळा करतो."

इथे मी थांबायला हवं होतं. पण माझा कागद भिंतीवर उतरला होता, इतक्या वर्षांनी, आणि कुणीतरी तो फोडायचं म्हणत होतं. मी म्हणालो, काम उत्तम झालंय. मी म्हणालो, सेक्रेटरी काय म्हणतील. मी म्हणालो, तिला सवय होईल.

"सवय तिनं करायची?" तुम्ही विचारलंत. "भिंतीला सांगता येईल, तर तिनं कशाला?"

आणि मी म्हणालो, "रामभाऊ, ड्रॉइंग करायचं काम माझं. तुमचं काम माल थापायचं."

खुर्चीवर नलू होती. तिनं मान फिरवली. तिला माझा चेहरा दिसत नव्हता याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. तुम्ही थापी पिशवीत टाकलीत, चपला घातल्यात आणि दार हळू ओढून घेऊन गेलात. पूर्वी एकदा मी तुम्हाला लोकांसमोर नको ती बढती दिली होती, आणि आता तुमच्याच कामासमोर तुम्हाला खाली उतरवलं होतं. दोन्ही वेळा मला लाज वाटली होती. पहिल्या वेळी तुमची, आणि दुसऱ्या वेळी, उशिरा, माझी.

तुम्ही परत येणार नाही असं मी धरून चाललो. मी आलो नसतो.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी ठाण्याला गेलो होतो. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला मला तीन तास लागले. घरी आलो तर जिन्यातच ठोकण्याचा आवाज. दार उघडं, पॅसेजमध्ये गिलाव्याचा ढीग, नलू स्टुलावर बसलेली, तिच्या मांडीत पितळी तांब्या. मधूनमधून ती तांब्याची कूस चाचपत होती आणि मग फोडलेल्या कोपऱ्याकडे हात नेत होती. आणि तुम्ही, केसांत सिमेंट, खाली बसलेले.

"पाय जपून टाका साडूसाहेब," तुम्ही म्हणालात. एवढंच. जणू काही झालंच नव्हतं.

"मी बोलावलं," नलू म्हणाली. "दाखला मिळाला का?"

रागावलो होतो की सुटलो होतो, मला अजून नक्की सांगता येत नाही. मी शर्ट बदलला, गॅलरीत गेलो आणि चाळणी घेऊन रेती चाळायला बसलो. माझ्या दृष्टीनं ती माफी होती. ऑफिसात आम्ही असंच करायचो. चूक झाली की काही न बोलता दुसऱ्याची फाइल लावून द्यायची. अर्ध्या तासानं घमेलं भरून तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही चिमूट उचललीत, बोटांत चोळलीत.

"जाड राहिलीय. परत चाळा."

मी परत चाळली. तुम्ही परत चिमूट घेतलीत. "आता जमेल," म्हणालात, आणि तोंड भिंतीकडे केलंत. मला वाटतं तुम्ही हसत होतात. मला खात्री नाही.

स्वयंपाकघराचा कोपरा तांब्याएवढा झाला. हॉलचा पोह्यांच्या डब्याएवढा, चांगला रुंद, पाहुण्यांसाठी असतो तसा. बाथरूमचा वाटीच ठेवायचा ठरलं. "तुमच्या ड्रॉइंगचा मान म्हणून," तुम्ही म्हणालात. आणि नलू उठली. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत. दुसऱ्या दिवशी हॉलपर्यंत, हातात कप घेऊन, आणि तो कप तुमच्याच हातात दिला. तिसऱ्या दिवशी मी पॅसेजमध्ये उभा होतो, तर मागून आवाज आला, "सरका."

राहिला फक्त बेडरूमचा कोपरा. तो अजून वाटीचाच होता, बाथरूमसारखा, आणि त्या दोन दारांत तिचा अजून घोटाळा व्हायचा. मी विचारलं, त्याला कुठलं भांडं? तुम्ही एकदम इकडेतिकडे बघायला लागलात. "ते ठरलंय," म्हणालात. "बुधवारी येतो."

तुम्हाला सांगायचं ते मी बुधवारसाठी ठेवलं होतं. काम संपेल, तुम्ही हात धुवाल, चहा होईल, मग सांगू. वाक्यही तयार केलं होतं. त्यात 'काटकोन' हा शब्द नव्हता.

मंगळवारी सकाळी शालूताईचा फोन आला.

दिव्याला तुमच्या बिल्डिंगीखाली फलक लागला होता. मध्ये तुमचा फोटो, आधार कार्डावरचा, ज्यात तुम्ही नुकताच गुन्हा कबूल केल्यासारखे दिसता, आणि भोवती नऊ हसरे चेहरे, सगळे तुमच्यापेक्षा मोठ्या आकाराचे. त्यांतल्या एकानं शोकसभेत भाषण केलं. तुम्ही समाजाच्या जडणघडणीचे शिल्पकार होतात असं तो म्हणाला. तो ज्या भिंतीला टेकून बोलत होता तिचा गिलावा फुगलेला होता. तुम्ही असतात तर बोटानं टकटक केली असतीत. मी केली. पोकळ होता. शेजारच्या माणसानं माझ्याकडे रागानं पाहिलं.

शालूताईला मी विचारायला घाबरत होतो, तरी विचारलं. आमच्याकडे छिन्नी चालवल्यानं तर नाही ना? तिनं पदरानं नाक पुसलं. "काय बोलता भावोजी. चार वर्षं काम नसताना घरात बसलेले तेव्हा रोज कटकट करून आधी मला मारणार आणि मग मरणार असं वाटायचं. तुमच्याकडं जायला लागले तर सकाळी शिट्टी वाजवत होते." मग आत जाऊन तिनं ती कापडी पिशवी आणली. "ही न्या. नलूचं अजून बाकी आहे म्हणत होते."

पिशवी घरी आणून मी टेबलावर उपडी केली. मला वाटलं होतं एखाद्या साच्यावर खूण असेल, खडूनं 'बेडरूम' लिहिलेलं असेल. काही नव्हतं. तुम्हाला लिहून ठेवायची गरज कधी पडली नव्हती. मी पत्र्याचे तुकडे मोजपट्टीनं मोजायला घेतले. नलू येऊन समोर बसली, हात पुढे करून एकेक चाचपायला लागली.

"हा तांब्या. हा डबा. हे फुलपात्र. ही परात, बापरे. हा..." तिचं बोट एका अगदी बारक्या गोलाईत थांबलं. "हा. हा बेडरूमचा."

"हे कसलं भांडं?"

"भांडं नाही. लाटणं."

"रामभाऊंनी बेडरूमला लाटणं ठरवलं?"

"मी ठरवलं," ती म्हणाली. "ते लाजले. म्हणाले, साडूसाहेबांना तूच सांग, मी नाही सांगणार."

आणि मग ती रडली, रामभाऊ. तुमच्या मयताला रडली नव्हती. तो पत्र्याचा तुकडा तिनं मुठीत इतका घट्ट धरला की मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली, कापेल म्हणून. "त्यांनी मला कधी विचारलं नाही, किती दिसतं," ती म्हणाली. "सगळे विचारतात. त्यांनी विचारलं, हाताला काय लागतं."

मी दुसऱ्या गवंड्याला बोलावलं नाही. एकाला विचारलं होतं, तो म्हणाला, "काका, कोपऱ्याला पट्टी मारून देतो, एकदम शार्प." मी त्याचे आभार मानले.

चार दिवस लागले. गिलावा वीतभर फोडायचा होता, दोन वीत फुटला. विटांना पाणी पाजलं, त्या पीत राहिल्या आणि मी बघत राहिलो, आणि एवढं पाणी घालताना तुमच्या बिल्डिंगीतल्या रिकाम्या बादल्या डोळ्यांसमोर येत होत्या. पहिला हात दोनदा गळून पडला. तिसऱ्यांदा राहिला, बहुधा कंटाळून. ओरखडे मात्र छान आले, रेघा मारायची सवय होती. रेती मी तीनदा चाळली आणि तीनही वेळा चिमूट बोटांत चोळून पाहिली. ती बारीक आहे की नाही हे मला अजूनही कळत नाही. सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा, गॅलरीत, चाळणी हातात घेऊन, मला तुमची जी आठवण आली ती शोकसभेत आली नव्हती. "परत चाळा" म्हणायला तुम्ही हवे होतात.

साचा खालून वर एका दमात ओढायचा हे मला पाठ होतं. छातीच्या उंचीला आल्यावर मला शिंक आली. मी थांबलो. तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं.

नलूला बोलावलं. तिनं खालपासून हात फिरवायला सुरुवात केली, वर आली, थांबली. परत खाली गेली, परत वर आली, परत तिथेच थांबली.

"हे काय?"

"शिंक."

"हं." ती त्या फुगवट्यावर अंगठा दाबून उभी राहिली.

"परत फोडतो," मी म्हणालो. "आता हात बसलाय थोडा."

"हात लावाल तर बघा," ती म्हणाली. मग हॉलपर्यंत गेली, तिथून भिंतीला हात लावून परत निघाली. डबा. तांब्या. वाटी. मी बेडरूमच्या दाराशी उभा होतो. ती माझ्यापर्यंत आली, तिचा हात त्या शिंकेवर पडला आणि ती न थांबता, न चाचपता सरळ बेडरूममध्ये वळली. आतून म्हणाली, "भावोजींचे तीन ओळखायला मला हात फिरवायला लागतो. तुमचा नुसता लागला की कळतो."

हे कौतुक नव्हतं हे मला माहीत आहे. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात आणि मग म्हणाला असतात, फोडा, नाहीतर राहू द्या, नलूला विचारा.

तर ते वाक्य. रामभाऊ, तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं. बुधवारी सांगणार होतो.

नवा गिलावा सात दिवस ओला ठेवायचा असतो, म्हणून कोपऱ्याभोवती भिजवलेलं पोतं गुंडाळलंय. पोतं कांद्याचं मिळालं. त्यामुळे आम्ही दोघं सध्या हॉलमध्ये झोपतो.